काकांना थांबवायचं कसं?

पत्र थोडक्यात: बडोद्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या अग्निशमन केंद्रावरचे सब ऑफिसर लिहितात. नाव आणि केंद्र आम्ही गाळलं आहे. वय 36. फायरमन म्हणून लागले, आठ महिन्यांपूर्वी सब ऑफिसर झाले. त्यांच्याच शिफ्टला 53 वर्षांचे एक लीडिंग फायरमन आहेत. ब्रांच (होजच्या टोकाची, पाणी फेकणारी नळी) कशी धरायची इथपासून सगळं त्यांच्याकडूनच शिकलेलं, दोघंही मराठी, घरी येणं-जाणं, त्यामुळे आजही ते 'काका'च. मागच्या महिन्यात प्लॅस्टिकच्या दाण्याचं एक गोडाऊन पेटलं. आत कोणी अडकलेलं नव्हतं. छपराचे पत्रे वाकायला लागलेले दिसले, तेव्हा यांनी वॉकीटॉकीवरून आतल्या दोघांना बाहेर बोलावलं. काका मात्र तोंडाला ओला रुमाल बांधून बाजूच्या दाराने होज घेऊन आत शिरले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले. त्या बाजूची आग बसली. मालकाने काकांचे हात धरले, पोरांनी फोटो काढले, आणि चहाच्या वेळी कोणीतरी बोललं, 'साहेब बाहेर, काका आत.' आता यांना तीन वाटा दिसतात: पुढच्या वेळी स्वतःच आधी आत शिरायचं, काकांची तक्रार करायची, किंवा एका केमिकल कंपनीने देऊ केलेली फायर ऑफिसरची नोकरी घेऊन मोकळं व्हायचं. नागपूरच्या स्टेशन ऑफिसर कोर्सला नाव पाठवायची वेळही आली आहे. घरच्यांना कंपनी बरी वाटते: पगार जास्त, धोका कमी.

तुमच्या पत्रात 'मान गेला' हे दोनदा आलं आहे आणि छपराबद्दल जेमतेम दीड ओळ आहे. तुमचा निर्णय बरोबर होता की नाही हे त्या दीड ओळीवर ठरतं, म्हणून आधी तिथेच जाऊ.

पत्र्याच्या शेडचे ट्रस, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे, उघड्या लोखंडाचे असतात. सुमारे 550 अंश सेल्सिअसला अशा लोखंडाची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि प्लॅस्टिक जळत असताना छपराखाली तेवढं तापायला फार वेळ लागत नाही. त्याच्या आधीच लोखंड लांबायला लागतं. दहा मीटरचा गर्डर 500 अंशांनी तापला तर साधारण 6 सेंटीमीटर वाढतो, आणि ती वाढ शेवटी भिंतीला बाहेर रेटते. म्हणजे वाकलेला पत्रा दिसला तेव्हा आतल्यांच्या डोक्यावर छप्पर कोसळायची भीती होतीच, बाहेर भिंतीला खेटून उभ्या असलेल्यांनाही तेवढाच धोका होता. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडायचं आणि पाणी मारताना शक्यतो इमारतीच्या कोपऱ्याच्या दिशेला उभं राहायचं, हा साधा नियम त्यासाठीच आहे. आत माणूस नव्हता. वाचवायचं काय होतं? धुराने काळवंडलेला आणि पाण्याने भिजलेला दाणा. एवढ्यासाठी दोन माणसं त्या छपराखाली ठेवायची नाहीत हा निर्णय योग्य होता, आणि काका सुखरूप बाहेर आले म्हणून तो चुकीचा ठरत नाही. छप्पर त्या दहा मिनिटांत पडलं नाही, इतकंच त्यातून कळतं.

ओल्या रुमालाबद्दलही बोलू, कारण तुमच्या केंद्रावर तो वापरणारे काका एकटेच असतील असं वाटत नाही. ओला रुमाल थोडी काजळी अडवतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड त्यातून सरळ आत जातात. पीव्हीसी जळत असेल तर हायड्रोजन क्लोराइडही असतो, आणि तो ओलाव्यात विरघळून आम्ल होतो. आग बसल्यावर ढिगारा उपसताना पाठीवरचा हवेचा सेट आणि त्याचा मास्क काढून ठेवायची सवय तर सगळीकडे आहे, आणि नेमका तेव्हाच धुमसणारा माल हे वायू सोडत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचं काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे. काजळीने भरलेला कोट झोपायच्या खोलीत टांगायचा नाही, कॉलवरून आल्यावर मान, कानामागची जागा आणि हात साबणाने धुवायचे, हे आता शिस्तीपुरतं उरलेलं नाही.

आता तुमची पहिली वाट: स्वतः आधी आत शिरणं. पोरांच्या नजरेत चढायला हा सर्वात जवळचा रस्ता आहे आणि सर्वात वाईटही. तुमच्या बंबावर माणसं किती? पाच धरू. एक चालक, तोच पंप सांभाळतो. दोघं आत. उरले दोन: तुम्ही आणि पाचवा. आतल्यांना काही झालं तर त्यांना काढायला जाणारे हेच दोघं. तुम्ही आत गेलात तर बाहेर कोणीच उरत नाही. अमेरिकेत यावर कायदेशीर नियमच आहे, दोन आत तर दोन बाहेर तयार. आपल्याकडे कागदावर काहीही असो, पाच माणसांच्या गाडीला हा हिशेब चुकत नाही. म्हणून कोणी जिवंत अडकलं असल्याची खात्री नसेल, तर दुसरी गाडी येऊन तिचं पाणी जोडलं जाईपर्यंत बाहेरूनच मारा.

पाणी यासाठी की ते दिसतं त्यापेक्षा लवकर संपतं. 20 मिलिमीटरचं नोझल साडेतीन बार दाबाला मिनिटाला सुमारे 500 लिटर फेकतं. 5000 लिटरचा बंब एका ब्रांचला दहा मिनिटं, दोन ब्रांचना पाच. तेवढ्यात दोन माणसं दारापासून वीस मीटर आत पोचलेली असतात आणि हातातली होज सैल पडते. बाहेर उभ्या असलेल्या साहेबाचं काम हे आकडे डोक्यात चालू ठेवणं आहे. चारही बाजूंनी एक चक्कर मारणं, छप्पर आणि धुराचा रंग बघणं, कोण कुठल्या दाराने गेलं ते लक्षात ठेवणं, पुढच्या टँकरला कुठे लावायचं ते सांगणं. हे आतून होत नाही.

आणि आता काका. 'काका ऐकत नाहीत' हे तुम्ही गृहीत धरलं आहे. मला दोन शंका येतात.

पहिली: त्यांनी ऐकलं होतं का? तुम्ही वॉकीटॉकीवर आतल्या दोघांना बोलावलंत. काका तेव्हा बाहेरच्या लाइनवर होते. त्यांच्याकडे वॉकीटॉकी होता का, पंपाच्या आवाजात काय पोचलं, हे पत्रात नाही. शिवाय शिफ्टवर गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही चालतात, आणि घाईत कोण कुठल्या भाषेत ओरडेल याचा नेम नसतो. माघारीची खूण शब्दांत ठेवूच नका. शिट्टीचे सलग छोटे फुंकर आणि त्याच वेळी गाडीचा हॉर्न दहा सेकंद, असं काहीतरी एकदा ठरवा, आणि ती खूण दुसऱ्या कशालाही वापरू नका. खूण झाली की होज टाकून बाहेर, आणि गाडीपाशी मोजणी. त्या मोजणीत काका नाहीत हे तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळलं असतं. बाजूच्या दारावर माणूस नव्हता, ही त्या दिवसाची खरी चूक, आणि ती काकांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची: काकांना मास्क लावता येतो का? वय 53. जवळचं वाचायला चष्मा लागत असणारच. साध्या चष्म्याच्या काड्या मास्कच्या कडेखालून जातात आणि तिथून हवा गळते. चष्मा काढला तर गेजवरचा काटा नीट दिसत नाही. अशा माणसाला मास्क नकोसा होतो, आणि हे तो पोरांसमोर कधीही कबूल करत नाही. 'आमच्या वेळी कुठे होते सेट' असं म्हणून वेळ मारून नेतो. मास्कच्या आत बसणाऱ्या चष्म्याच्या फ्रेम मिळतात, मास्कच्या कंपनीप्रमाणे मागवाव्या लागतात. दोन दिवसांची दाढी वाढलेली असेल तरी हवा अशीच गळते. तपासायची रीत सोपी आहे: मास्क घालून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि श्वास घेत राहायचं. मास्क तोंडावर आवळला गेला आणि काही सेकंद तसाच राहिला तर ठीक, सैल पडला तर गळती. व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. हे सगळ्यांनी शिफ्ट घेताना करायचं, तुम्हीही. एकट्या काकांची परीक्षा घेतलीत तर तुम्ही हरलात म्हणून समजा.

गाडीवर सेट किती आहेत तेही मोजा. चार सेट आणि पाच माणसं असतील, तर पाचवा रुमालच बांधणार.

बोलायचं कधी आणि कसं? शिफ्ट सुटल्यावर, दोघंच असताना. तुम्ही साहेब म्हणून काही सुनवायचं नाही आणि पुतण्या म्हणून अजिजीही करायची नाही. एवढंच विचारा: "काका, त्या दिवशी गोडाऊनला तुम्ही आत होतात ती दहा मिनिटं तुम्ही कुठे आहात हे मला माहीत नव्हतं. छप्पर आलं असतं तर मी कुठल्या दाराने कोणाला पाठवायचं होतं?" आणि गप्प बसा. तीस वर्षं हे काम केलेला माणूस स्वतःच्या जिवाबद्दल हसून बोलेल, पण त्याला काढायला दोन पोरं आत गेली असती यावर त्याला हसता येणार नाही. त्यांनी चिडून काही बोललं तर बोलू द्या. उत्तर त्याच दिवशी हवं असा आग्रह नको.

त्यानंतर त्यांना एक काम द्या, आणि ते खरंच महत्त्वाचं असू द्या: आत जाणाऱ्यांच्या हवेचा हिशेब. दीड फुटाचा प्लायवूडचा तुकडा, त्यावर हुक, मार्कर, एक घड्याळ. आत जाणारा प्रत्येक जण आपला बिल्ला दारावर देऊन जाईल. त्यावर नाव, जाताना सिलिंडरचा दाब, वेळ. बिल्ला दिल्याशिवाय दार ओलांडायचं नाही, मग तो कोणीही असो.

या फळ्यावर काय लिहायचं ते नीट पाहा, कारण बहुतेक केंद्रांवर इथेच गडबड होते. 6.8 लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की हवा सुमारे 2000 लिटर. कागदावर त्याला पाऊण तास लिहिलेला असतो, तो मिनिटाला 40 लिटरच्या हिशेबाने. होज ओढत, गुडघ्यांवर, मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात कोट घालून काम करणारा माणूस मिनिटाला 80 लिटरही खातो, घाबरला तर 100. प्रत्यक्षात सिलिंडर 280 वर असतो. तिथून हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजेपर्यंत, म्हणजे साधारण 55 बारपर्यंत, वापरायला 1530 लिटर मिळतात: 80 च्या हिशेबाने 19 मिनिटं. शिट्टी वाजल्यावर उरतात पावणेचारशे लिटर, म्हणजे चार-पाच मिनिटं. शिट्टी वाजली की निघायचं असं पोरांच्या डोक्यात असतं. शिट्टी वाजेल तेव्हा ते दाराबाहेर असले पाहिजेत. मग परत फिरायचं कधी? आत 280 वर गेले, आगीपाशी पोचले तेव्हा 240. पोचायला 40 लागले. परतताना माणूस दमलेला असतो, धूर खाली आलेला असतो, म्हणून 60 धरा. 55 अधिक 60, म्हणजे 115. काटा 120 ला आला की वळायचं. जोडीत दोघांचे आकडे वेगळे असतील, तर कमी असलेल्याचा आकडा दोघांचा. दर पाच मिनिटांनी फळा धरणाऱ्याने दाब विचारायचा, उत्तर आलं नाही तर लगेच तुम्हाला सांगायचं.

हे काम काकांना का? धूर वाचायची नजर त्यांच्याकडे आहे. दाट, काळा, जोराने दाबून बाहेर येणारा धूर आणि आळसावलेला राखाडी धूर यातला फरक त्यांना कळतो, नव्या पोरांना नाही. फळ्यापाशी उभा राहिलेला तसा माणूस आतल्यांना घड्याळाच्याही आधी परत बोलावू शकतो. पण फळा देण्यामागे त्यांना बाजूला बसवायचा डाव आहे असं त्यांना वाटलं, तर तो फळा दुसऱ्याच दिवशी गाडीच्या मागे पडलेला दिसेल. म्हणून पहिल्या दोन-तीन कॉलना फळा तुम्हीच धरा, काकांना आत जाऊ द्या, पूर्ण सेट आणि बिल्ल्यासकट. मग आलटून पालटून.

तक्रारीचं काय? लपवू नका आणि फुगवूही नका. घटनेच्या अहवालात वेळ लिहा: माघारीचा आदेश अमुक वाजता, बाजूच्या दाराने एक कर्मचारी सेटशिवाय आत, अमुक वाजता बाहेर. विशेषणं नकोत. हा कागद काकांच्या विरोधात आहे असं वाटेल, पण उद्या त्यांना काही झालं आणि अहवालात ते आतच नव्हते, तर त्यांच्या घरच्यांच्या हाती काय उरेल याचा विचार करा. पुढचं आधीच सांगून ठेवा, सगळ्या शिफ्टला, एकाच दिवशी: सेट आणि बिल्ल्याशिवाय आत गेलेल्याला पहिल्या वेळी तोंडी, दुसऱ्या वेळी त्या शिफ्टपुरतं आतलं काम बंद आणि स्टेशन ऑफिसरना लेखी. काकांनाही, तुम्हालाही. 45 च्या पुढच्या सगळ्यांची हृदयाची तपासणी होऊन जाऊ दे, असंही त्या अहवालासोबत लेखी मागून टाका. अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणाऱ्या अग्निशामकांमध्ये हृदयविकार हे सर्वात मोठं कारण आहे, ज्वाळा नाहीत.

'साहेब बाहेर, काका आत' याला उत्तर देत बसू नका. पुढच्या कॉलनंतर होज गुंडाळून झाल्या की दहा मिनिटं सगळ्यांना उभं करा आणि काय चुकलं ते बोला. सुरुवात बाजूच्या दारापासून करा.

राहता राहिली नोकरी. कंपनीत धोका कमी, हे घरच्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. 11 नोव्हेंबर 2024 ला बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागून दोन जण गेले. कारखान्यात आग लागली की बाहेरचे बंब येईपर्यंत पुढे कंपनीचेच लोक असतात. तिथे कॉल कमी येतात, पण जो येतो त्यात ड्रम, दाब, विषारी वायू असतात. म्हणून पगाराचा आकडा बघण्याआधी काही गोष्टी विचारा. नेमणूक कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या? एका शिफ्टला प्रशिक्षित माणसं किती? वेल्डिंगसारख्या गरम कामाचं परमिट थांबवायचा अधिकार फायर ऑफिसरला आहे की उत्पादनवाल्यांना विचारावं लागतं? आणि फोम किती लिटर आहे? हे शेवटचं उत्तर तुम्ही स्वतः तपासू शकता. 15 मीटर व्यासाच्या पेट्रोलियमच्या टाकीचं क्षेत्रफळ सुमारे 177 चौरस मीटर. मॉनिटरने (फोम-पाणी लांब फेकणाऱ्या मोठ्या तोफेने) मारायचं तर अमेरिकेच्या एनएफपीए 11 मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला मिनिटाला 6.5 लिटर फोम-पाण्याचं द्रावण, म्हणजे या टाकीला मिनिटाला साधारण 1150 लिटर. 3 टक्क्यांचा फोम असेल तर मिनिटाला 34 ते 35 लिटर, पेट्रोलसारख्या लवकर पेटणाऱ्या द्रवाला 65 मिनिटं चालवायचा: सव्वादोन हजार लिटरच्या आसपास फक्त एका टाकीला. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन यांसारखे पाण्यात मिसळणारे द्रव असतील तर साधा फोम त्यावर टिकत नाही, वेगळा लागतो. मुलाखतीत हे विचारल्यावर समोरचा वही काढून बोलायला लागला, तर कंपनी बरी. 'ते सगळं आहे, तुम्ही कधी जॉइन होता?' असं उत्तर आलं तर जपून.

एक गल्लत अनेक जण करतात: फायर ऑफिसर आणि सेफ्टी ऑफिसर ही दोन पदं आहेत. सेफ्टी ऑफिसर व्हायला औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो, फायरचा अनुभव कितीही असला तरी. कंपनीत पुढे चढायची वाट बहुतेक वेळा त्या बाजूने जाते. तुम्हाला तिकडे जायचं असेल तर तो अभ्यास आधी, राजीनामा नंतर.

माझा कौल विचाराल तर आधी नागपूर. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा स्टेशन ऑफिसर कोर्स हातात असला की इथेही वर जाता येतं आणि कंपनीतही तुमची किंमत वेगळी होते. उलट क्रमाने गेलात तर सहसा तो कोर्स राहूनच जातो. पण 'नाव पाठवतो' या तोंडी शब्दावर राहू नका. तीन गोष्टी कागदावर घ्या: कोर्सच्या काळात पगार चालू राहणार का, ज्येष्ठता धरली जाणार का, परतल्यावर किती वर्षांचा बाँड. तुमच्या पदाच्या भरती नियमांची प्रत मागून घ्या आणि पुढच्या पदाला नेमका कुठला कोर्स, किती वर्षांची सेवा हे स्वतः वाचा. कारण प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात आणि केंद्रावर ऐकू येणारी माहिती बरेचदा जुन्या नियमांची असते. जायच्या आधी पंपाची गणितं आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेचा 2016 चा चौथा, अग्निसुरक्षेचा भाग चाळून ठेवा, तिथे गेल्यावर त्याला निवांत वेळ मिळत नाही.

कंपनीला मात्र टांगून ठेवू नका. कोर्सचा कागद येईपर्यंत किती दिवस थांबता येईल ते त्यांना सरळ विचारा. थांबत नसतील तर ती जागा जाऊ द्या. बडोद्याच्या पट्ट्यात, नंदेसरीपासून मकरपुऱ्यापर्यंत, कोर्स केलेल्या माणसाला विचारणा होतच राहते. आणि तुम्ही नागपूरला असाल तेव्हा शिफ्टवरचा फळा कोण धरणार, हे निघायच्या आधी काकांशी बोलून ठरवा.